टेबलाखालचा गृहस्थ

गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मोलिएरच्या 'तार्त्युफ' नाटकातला एक प्रवेश मी मराठीत उतरवला आणि आठवी-नववीच्या मुलांकडून तो बसवून घेऊ लागलो. प्रवेश जगप्रसिद्ध आहे. घरात शिरलेल्या भोंदू साधुपुरुषाचे खरे रूप नवऱ्याला दिसावे म्हणून बायको त्याला टेबलाखाली लपवते, वरचे कापड खाली ओढते आणि मग त्या साधूला बोलावून घेते. मुळात साधू तिच्याकडे प्रेमयाचना करतो. शाळेला ते परवडण्यासारखे नसल्यामुळे मी प्रेमाच्या जागी तिजोरीच्या किल्ल्या घातल्या. साधू बोलत जातो, जवळ सरकत जातो. बाई खोकून खूण करते. नवरा बाहेर येत नाही. ती पुन्हा खोकते. साधू तिला खोकल्यावर ज्येष्ठमध देऊ करतो. नवरा तरीही बाहेर येत नाही.

तिसऱ्या तालमीला टेबलाखालच्या मुलाने कापड वर करून डोके बाहेर काढले आणि विचारले, "सर, मला सगळं ऐकू येतंय. मग मी बाहेर का येत नाही?"

मी म्हणालो, "तू बाहेर आलास तर नाटक संपेल. जा आत."

मुले हसली, तो आत गेला, तालीम पुढे चालू झाली. पण मास्तरकीत इतकी वर्षे घालवल्यावर विद्यार्थ्याचे समाधान झाले आहे की त्याने नुसती मान डोलावली आहे, एवढे कळते. त्याने मान डोलावली होती. माझेही समाधान झाले नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. ती करायला मला एक वर्ष लागले.

मला फ्रेंच येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मोलिएर मी वाचला तो इंग्रजी भाषांतरांवरून, तोही शब्दकोश उशाशी ठेवून. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या माणसाने अभिजात नाटकांवर लिहावे की नाही, हा प्रश्न विद्वानांनी सोडवावा. मला एवढेच वाटते की फसलेल्या माणसाविषयी लिहायला पदवी लागत नाही; अनुभव लागतो, आणि तो माझ्यापाशी आहे.

'तार्त्युफ'चा इतिहास थोडक्यात असा. १२ मे १६६४ रोजी व्हर्सायच्या राजोत्सवात नाटकाचे तीन अंक झाले आणि लगोलग त्यावर बंदी आली. एका धर्मगुरूने तर मोलिएरला जिवंत जाळले पाहिजे, असे छापून प्रसिद्ध केले. १६६७ साली नाव बदलून, साधूचा वेष बदलून प्रयोग झाला. तो दुसऱ्याच दिवशी बंद पाडण्यात आला आणि नाटक पाहणाऱ्याला धर्मबहिष्कृत करण्याची धमकी पॅरिसच्या आर्चबिशपने दिली. अखेर ५ फेब्रुवारी १६६९ रोजी ते उघडपणे रंगभूमीवर आले. या साऱ्या झगड्यामुळे असे झाले की नाटकाविषयी बोलताना लोक दंभाविषयीच बोलू लागले. तार्त्युफ हा शब्दच फ्रेंच भाषेत ढोंगी माणसाला चिकटला. आपल्याकडेही 'दंभस्फोट' हा एक शब्द आपण या जातीच्या नाटकांसाठी राखून ठेवला आहे, आणि तो उच्चारला की समीक्षेचे काम झाले, असे समजण्याची पद्धत आहे.

पण नाटक उघडून पाहावे. पहिले दोन अंक संपतात तरी तार्त्युफचा पत्ता नाही. तो येतो तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात. तोवर आपण पाहतो ते त्याने बिघडवलेले घर, आणि त्या घराचा कर्ता पुरुष ऑर्गाँ. आणखी एक गोष्ट माझ्या मते फार बोलकी आहे. मोलिएर स्वतः कंपनीचा मालक, नाटककार आणि त्या काळचा पहिल्या प्रतीचा विनोदी नट. आपल्या नाटकातली कोणतीही भूमिका तो उचलू शकत होता. त्याने तार्त्युफची भूमिका द्यु क्रॉयसी नावाच्या दुसऱ्या नटाला दिली आणि ऑर्गाँ स्वतः केला. फसवणाऱ्यापेक्षा फसणारा त्याला अधिक मोलाचा वाटला. नाटककाराचा हा कौल टीकाकारांनी मानू नये, याचे मला नवल वाटते.

ऑर्गाँ मूर्ख आहे काय? मुळीच नाही. पहिल्याच अंकात दोरीन ही घरातली तोंडाळ मोलकरीण सांगते की देशात बंडाळी माजली होती तेव्हा याने शहाणपणाने आणि धैर्याने राजाची सेवा केली होती. म्हणजे बाहेरच्या जगात याची अक्कल उत्तम चालते. ती बंद पडते ती एका माणसापुरती. दोन दिवस परगावी राहून तो घरी येतो. दोरीन सांगते की बाईसाहेबांना ताप भरला, डोके दुखले, रात्रभर झोप नाही. हा विचारतो तार्त्युफचे काय. दोरीन सांगते की तो दोन पक्षी आणि बकऱ्याची अर्धी तंगडी खाऊन डाराडूर झोपला. याच्या तोंडून तार्त्युफसाठी कळवळा निघतो. पुन्हा बायकोचे दुखणे, पुन्हा तार्त्युफची चौकशी, पुन्हा तोच कळवळा. चार वेळा हे होते. प्रेक्षक चारही वेळा हसतो, आणि चौथ्या वेळेला त्या हसण्यात थोडी भीती मिसळलेली असते. निदान माझ्या हसण्यात होती.

ऑर्गाँला तार्त्युफ का हवा असतो, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या घरात पाहा. बायको दुसरेपणाची, रूपाने आणि बुद्धीने त्याच्याहून सरस. मुलगा मोठा झालेला आणि तापट. मेहुणा त्याच्याहून शहाणा आणि ते शहाणपण बोलून दाखवणारा. मोलकरीण धन्याला उलट उत्तर देणारी. डोक्यावर एक कजाग आई. या घरात ऑर्गाँला मालक म्हणून सगळे ओळखतात, थोर म्हणून कोणीही ओळखत नाही. आणि देवळात एक माणूस भेटतो. तो मोठमोठ्याने उसासे टाकत गुडघ्यांवर प्रार्थना करतो, जमिनीचे चुंबन घेतो, ऑर्गाँ निघाला की धावत पुढे होऊन त्याला तीर्थ देतो. पैसे दिले तर निम्मे परत करतो, आणि ऑर्गाँने परत घेतले नाहीत तर त्याच्या डोळ्यांदेखत गरिबांना वाटून टाकतो. प्रार्थना करताना चिमटीत सापडलेली पिसू जरा जास्तच रागाने मारली, म्हणून तो पुढे पश्चात्ताप करतो. अशा माणसाने आपल्याला निवडावे! ऑर्गाँ तार्त्युफची पूजा करतो असे आपण म्हणतो. पण असल्या महात्म्याला ओळखणारी नजर आपल्यापाशी आहे, या गोष्टीची तो पूजा करतो आहे.

दुसरी गोष्ट याहून काळी आहे. तार्त्युफने त्याला वैराग्य शिकवले आहे. भाऊ, मुले, आई, बायको सगळी डोळ्यांसमोर मेली तरी मला त्याचे काही वाटणार नाही, असे तो मेहुण्याला मोठ्या समाधानाने सांगतो. हे वैराग्य त्याला स्वस्तात पडलेले नाही, सोयीचे पडलेले आहे. मुलीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध तार्त्युफशी लावायचे ठरते, ती बापाच्या पायाशी बसून विनवते, आणि ऑर्गाँचे मन द्रवू लागते. येथे मोलिएरने त्याच्या तोंडी एक स्वगत वाक्य घातले आहे. माणसासारखे दुबळे होऊ नकोस, असे तो स्वतःलाच बजावतो. साऱ्या नाटकाचा जीव मला या वाक्यात दिसतो. जो निव्वळ भोळा आहे त्याला स्वतःला असे आवरावे लागत नाही. आत कुठेतरी त्याला ठाऊक आहे. त्या ठाऊक असण्याच्या तोंडावर तो हात दाबून धरतो आहे, आणि या कामाला तो धर्म म्हणतो आहे.

तिसऱ्या अंकात मुलगा दामीस तार्त्युफला रंगेहाथ पकडतो. बापाला येऊन सांगतो. तार्त्युफ काय करतो? तो नाकारत नाही. मी पापी आहे, मी नीच आहे, मला घराबाहेर हाकला, असे तो गळ्यात दाटून सांगतो. त्या घरात शिरल्यापासून तो पहिल्यांदा खरे बोलतो, आणि ऑर्गाँला त्या खरेपणात पराकोटीची विनम्रता दिसते. मुलाला तो शाप देऊन घराबाहेर काढतो, सगळी मालमत्ता तार्त्युफच्या नावे करतो, आणि लोकांचा जळफळाट व्हावा म्हणून तार्त्युफने आपल्या बायकोच्या सहवासात अधिक राहावे, असा आग्रहही करतो. खऱ्याने फसवणे ही भोंदूपणाची शेवटची पायरी आहे. त्या पायरीवर भोंदूला फार कष्ट पडत नाहीत. उरलेले काम भक्त करतो.

आता टेबल.

एल्मीर खोकते आहे. ऑर्गाँ ऐकतो आहे. माझ्या वाचनात आलेल्या एका टीकाकाराने म्हटले होते की प्रवेश रंगावा म्हणून मोलिएरने त्याला आत ठेवला. म्हणजे जे उत्तर मी त्या मुलाला दिले तेच. ते खोटे नाही, पण फार थोडे आहे. ऑर्गाँ बाहेर येत नाही, कारण बाहेर येणे म्हणजे गेली कित्येक महिने आपण काय होतो हे एका क्षणात कबूल करणे. तो टेबलाखाली तार्त्युफला आणखी एक वाक्य बोलण्याची संधी देतो आहे. कदाचित पुढच्या वाक्यात हा सावरेल. कदाचित तो बाईची परीक्षा पाहत असेल. कदाचित आपण ऐकले ते चुकीचे ऐकले. बायकोची अब्रू टांगणीला लागली आहे आणि हा गृहस्थ डोक्यावरच्या फळीखाली बसून 'कदाचित' मोजतो आहे.

मग तार्त्युफ त्याच्याविषयी बोलतो. एल्मीर विचारते, नवऱ्याचे काय? तार्त्युफ सांगतो की त्या माणसाला नाकाला धरून हवे तिकडे न्यावे. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तरी त्याचा विश्वास बसणार नाही, अशी आपण त्याची तयारी करून ठेवली आहे. एल्मीर त्याला बाहेर कोणी आहे का पाहून यायला पाठवते, आणि आता ऑर्गाँ टेबलाखालून निघतो. बायकोवर हात पडत होता तेव्हा निघाला नाही. आपल्या नाकाचा उल्लेख झाल्यावर निघाला. एल्मीर त्याला उपरोधाने म्हणतेच की इतक्यातच निघालात? अजून थांबा, पुरती खात्री करून घ्या. बायकांच्या तोंडी इतका शांत संताप मी दुसऱ्या कोठल्या विनोदी नाटकात वाचलेला नाही.

आणि तरीही मोलिएरचे समाधान झालेले नाही. पाचव्या अंकात ऑर्गाँची आई येते. मादाम पेर्नेलला तार्त्युफ अजून साधूच वाटतो. ऑर्गाँ तिला सांगतो, मी पाहिले, माझ्या या डोळ्यांनी पाहिले. म्हातारी म्हणते, दिसते तसे नेहमी नसते. सत्पुरुषांचा मत्सर करणारे लोक असतातच. काल मेहुणा आणि बायको ज्या भिंतीवर डोके आपटत होती, ती भिंत आज ऑर्गाँच्या समोर उभी आहे. तो ओरडतो, हातपाय आपटतो. ज्याला सत्य उशिरा कळते त्याला दुसऱ्याच्या उशिराची मुळीच सहनशीलता नसते, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

इथे मला माझी हकीकत सांगितली पाहिजे. नाहीतर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझी दुसरी कादंबरी हस्तलिखित अवस्थेत पडून होती. एका शहरातून एक प्रकाशक गृहस्थ आले. स्वच्छ कपडे, मृदू बोलणे. मराठी कादंबरीला तुमच्यासारख्या ग्रामीण शिक्षकाची वाट होती, असे ते म्हणाले. कागद महाग झाल्यामुळे निम्मा खर्च लेखकाने उचलावा, विक्रीतून तो परत मिळेल, अशी योजना होती. मी ४०,००० रुपये दिले. बोलता बोलता त्यांनी माझ्या एका पात्राची फार स्तुती केली. शेवटच्या प्रकरणात हा माणूस ज्या धैर्याने उभा राहतो, त्याला मराठीत तोड नाही, असे ते म्हणाले. ते पात्र दुसऱ्या प्रकरणात मरते.

मला त्याच क्षणी कळले होते. हे मी लपवणार नाही. आणि त्याच्या पुढच्याच क्षणी मी स्वतःला सांगितले की एवढी हस्तलिखिते वाचणाऱ्या माणसाची नावांत गल्लत व्हायचीच. पत्नी चहा घेऊन आली होती, तिने हे ऐकले होते. ते गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "त्यांनी वाचलीय का तुमची कादंबरी?" मी तिला साहित्यव्यवहारातले काही कळत नाही, असे बोललो. ऑर्गाँने एल्मीरला जे ऐकवले असते तेच.

कादंबरी निघाली नाही. गृहस्थांचा पत्ता बदलला. मित्रांनी सांगितले, पोलिसांत तक्रार दे. मी गेलो. ठाण्यातल्या हवालदाराने अगदी भलेपणाने कागद पुढे केला आणि म्हणाला, गुरुजी, काय झाले ते तुमच्याच अक्षरात लिहा. मी पेन उघडले. गावातल्या निम्म्या लोकांना मी अक्षर शिकवलेले आहे. त्या अक्षरात, त्या कागदावर, मी कसा फसलो ते लिहायचे होते. आणि ते मेलेले पात्र टाळून हकीकत पुरी होत नव्हती. मी पेन बंद केले आणि घरी आलो.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी बेन जॉन्सनचे 'दि अल्केमिस्ट' माझ्या हाती पडले. १६१० सालचे नाटक. लंडनमध्ये प्लेग आहे, घरमालक गाव सोडून गेला आहे, आणि मागे राहिलेला नोकर एका तोतया किमयागाराला आणि एका बाईला हाताशी धरून मालकाच्या घरात लोकांना लुबाडतो आहे. गिऱ्हाइके एकाहून एक. एका कारकुनाला परीराणी तुझी मावशी लागते असे पटवतात, डोळे बांधून चिमटे काढतात, तोंडात बोळा कोंबून संडासात बसवून ठेवतात; शेवटी राणीचे दर्शन घडते आणि तो कृतार्थ होऊन घरी जातो. त्याला आपण फसलो हे कधीच कळत नाही, आणि मला वाटते, सगळ्यांत सुखी तोच. या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे सर एपिक्युअर मॅमन. परीस अजून तयार व्हायचा आहे, पण याने मनातल्या मनात जेवणावळी उठवल्या आहेत, अंतःपुरे भरली आहेत, म्हाताऱ्यांना तरुण केले आहे. किमयागाराला त्याला फसवावे लागतच नाही. त्याची कल्पना आवरता आवरता मात्र त्याची पुरेवाट होते.

शेवटी घरमालक परत येतो, बिंग फुटते. मॅमनने सोने करण्यासाठी पाठवलेली घरातली भांडीकुंडी तळघरात आहेत. मालक म्हणतो, घेऊन जा. फक्त तुम्ही त्यांच्यापायी फसवले गेलात असा दाखला आणा, किंवा तुम्ही स्वतःच स्वतःला फसवलेत असा कोर्टाचा कागद आणा. मॅमन म्हणतो की त्यापेक्षा भांडी गेली तरी चालतील.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. तीनशेच नव्हे, चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसलेल्या एका माणसाला आमच्या ठाण्यातला तो कोरा कागद कसा दिसला असेल? जॉन्सनविषयी विद्वान लिहितात की तो निष्ठुर आहे, त्याच्या पात्रांना हृदय नाही. असेल. पण ते एक वाक्य लिहिणारा माणूस स्वतः कधी फसलेला नव्हता, असे मला कोणी सांगितले तर मी मानणार नाही.

शेक्सपिअरचा मॅल्व्होलिओ याच वंशातला. बनावट प्रेमपत्रामुळे तो फसला असे आपण सांगतो. पण पत्र हाती येण्याच्या आधीच तो बागेत आपल्या सावलीला रुबाब शिकवत, ऑलिव्हियाशी लग्न झाल्यावर नोकरांना कसे वागवायचे याच्या तालमी करत हिंडत असतो. पत्रात चार अक्षरे येतात, ती त्याच्या नावात क्रमाने बसत नाहीत. मग तो त्यांना जरा दाबून-वाकवून बसवतो. मरियाने फक्त कागद पुरवला. मजकूर त्याच्या डोक्यात तयार होता. गोगोलच्या नाटकातल्या नगराधिकाऱ्याचेही तेच. १८३६ सालच्या त्या नाटकात ख्लेस्ताकोव्ह हा उधार जेवणारा पोरगा आपण मोठा अधिकारी आहोत असे आरंभी म्हणतसुद्धा नाही. तो घाबरून खरे तेच सांगतो आणि पापाने पोखरलेले मन त्यातून अधिकारी घडवते. पु. ल. देशपांड्यांनी ते 'अंमलदार' या नावाने मराठीत आणले, आणि आपल्या मातीत त्याला खतपाणी घालावे लागले नाही.

या सगळ्यांवरून असे वाटेल की विश्वास ठेवणारा तेवढा फसतो आणि संशय घेणारा सुटतो. देवलांचे 'संशयकल्लोळ' याला उत्तर आहे. त्याचे मूळ मोलिएरच्याच १६६० सालच्या 'स्गानारेल'मध्ये; ते आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या हातून देवलांकडे आले. आधी 'तसबिरीचा घोटाळा' म्हणून गद्य, मग १९१६ साली पदांसह. फाल्गुनराव कोणावरही विश्वास ठेवत नाही. बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर दिसली की त्याला पुरावा मिळतो, आणि पुरावा नाही मिळाला तर तो लपवल्याचा पुरावा मिळतो. ऑर्गाँला कितीही दाखवा, पाप दिसत नाही. फाल्गुनरावाला काहीही दाखवा, पापच दिसते. मोलिएरने एकाच लेखणीने ही दोन माणसे चार वर्षांच्या अंतराने लिहिली, आणि मला ती सख्खी भावंडे वाटतात. दोघांचाही निकाल आधी लागलेला आहे. साक्षी नंतर होतात. संशयी माणूस स्वतःला चतुर समजतो, म्हणून तो अधिक हास्यास्पद. आपल्याकडे फाल्गुनराव करणारे कित्येक नट डोळे गरगरा फिरवून, पंचा सावरत, वेडाचे झटके आल्यासारखी भूमिका करतात. टाळ्या मिळतात, भूमिका जाते. फाल्गुनराव अतिशय शांतपणे, न्यायाधीशासारखा, मुद्द्यामागून मुद्दा मांडत बोलला पाहिजे. त्याच्या तर्कात खोट नाही. खोट पहिल्या पायरीत आहे, आणि ती पायरी त्याने अंधारात चढलेली आहे.

देवलांवरून आठवले म्हणून सांगतो. बालविवाहाला आळा घालणारा १९२९चा 'शारदा कायदा' देवलांच्या 'शारदे'वरून ओळखला जातो, असे मी वर्षानुवर्षे वर्गात अभिमानाने सांगत आलो. १८९९चे मराठी नाटक, तीस वर्षांनी कायदा, त्याला नायिकेचे नाव: केवढी गोड गोष्ट! एका विद्यार्थिनीने पुस्तक आणून दाखवले की ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडांचे. मी तिला शाबासकी दिली, हे खरे. पण त्याआधी, तुझ्या पुस्तकात छपाईची चूक असेल, हेही म्हणालो.

'तार्त्युफ'च्या शेवटाला पुष्कळांनी नावे ठेवली आहेत. घर गेले, कारभारी जप्तीचा हुकूम घेऊन आला, ऑर्गाँला पकडायला तार्त्युफ राजाच्या अधिकाऱ्याला सोबत घेऊन आला; आणि अधिकारी वळून तार्त्युफलाच पकडतो. राजाला सगळे ठाऊक होते म्हणे. हा शेवट चिकटवलेला आहे, राजाच्या उपकाराची परतफेड आहे, असे म्हणतात. ते मला मान्य आहे. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. राजा तार्त्युफला तुरुंगात घालू शकतो. ऑर्गाँचे काय करायचे, हे राजालाही ठाऊक नाही. तो त्याला माफ करतो आणि घरी पाठवतो. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्या वर्षीच जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो व्हायलाच हवा होता, आणि फार उशिरा झाला, असे माझे मत आहे. पण त्या कायद्याने बुवा पकडला जातो तेव्हा पोलिसांच्या गाडीमागे रडत धावणारे जे लोक असतात, त्यांच्यासाठी कोणत्याही कायद्यात कलम नाही. तिथे नाटककाराचे काम सुरू होते. म्हणून आपल्या नाटकांतून बुवाच्या दाढीवर जी इतकी मेहनत घेतली जाते तिच्यातली निम्मी भक्ताच्या चेहऱ्यावर घेतली असती, तर आपल्याकडे तीनशे वर्षे टिकणारे एखादे नाटक झाले असते, अशी माझी तक्रार आहे. बुवाला हसून प्रेक्षक निर्धास्त घरी जातो. तो काही बुवा नसतो.

मोलिएरच्या शेवटच्या नाटकातही हेच. 'कल्पनेतल्या रोग्या'त आरगाँ औषधविक्याची बिले मांडून बसतो, आणि गेल्या महिन्यात १२ औषधे आणि २० बस्ती झाले, या महिन्यात ८ आणि १२च, तेव्हा या महिन्यात बरे वाटत नाही यात नवल नाही, असा हिशेब काढतो. गणिताचा शिक्षक या नात्याने मी त्याला पूर्ण गुण देईन. पुढे मेल्याचे सोंग घेऊन त्याला बायकोचे खरे रूप कळते. पण वैद्यकाचे वेड सुटत नाही. शेवटी घरचे लोक त्यालाच डॉक्टरकीची पदवी देऊन टाकतात. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, चौथ्या प्रयोगाला, त्या खुर्चीत बसलेला मोलिएर खरोखरच आजारी होता. पदवीदानाच्या प्रवेशात त्याला झटका आला, तो त्याने हसण्यात लपवला असे सांगतात. त्याच रात्री तो गेला. ती खुर्ची पॅरिसच्या 'कोमेदी फ्रान्सेज'ने जपून ठेवली आहे.

संमेलनाच्या आदल्या दिवशी मी त्या मुलाला बाजूला घेतले. म्हणालो, "त्या दिवशी मी तुला अर्धंच सांगितलं. तुला खोकला ऐकू येतोय. पण तुला वाटतंय, महाराज आता काहीतरी चांगलं बोलतील. एकच वाक्य थांबू, मग बाहेर येऊ."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "म्हणजे मी महाराजांच्या बाजूचा आहे?"

"हो."

प्रयोगात त्याने एक गोष्ट केली, जी मी शिकवली नव्हती. पहिल्या खोकल्याला त्याने आतून कापडाची कड धरली. एवढेच बोट प्रेक्षकांना दिसले. दुसऱ्या खोकल्याला कड थोडी वर गेली. तिसऱ्या खोकल्याला त्याने ती हलकेच खाली सोडली आणि आतून नीट सारखी केली. मागे बसलेल्या बायका ओरडू लागल्या, "अरे, ये की बाहेर!" सगळे अंगण हसत होते. माझी पत्नी दुसऱ्या रांगेत बसली होती. मी विंगेत उभा होतो, मान जराशी वळवली असती तर ती हसते आहे की नाही ते मला दिसले असते. मी मुलाच्या बोटांकडेच पाहत राहिलो.